लांब पल्ल्याच्या धावकांनी वजन उतरवण्याचे लक्ष्य ठेवावे का?

घाटवाट :
जानेवारीतील मुंबई मॅरेथॉन जवळ आली की सरावाच्या गटांमध्ये वेगापेक्षा वजनाचीच चर्चा अधिक होते, आणि ‘आणखी तीन किलो उतरव, वेळ आपोआप सुधारेल’ हा सल्ला समोरच्याचे खाणेपिणे न विचारताच दिला जातो. माझा या सल्ल्याला ठाम विरोध आहे. पन्नास किलो वजनाची एक धावपटू घ्या, जिचे चरबी वगळता वजन चाळीस किलो आहे. पंधरा किलोमीटर धावण्यात तिच्या सुमारे ७५० कॅलरी खर्च होतात. त्या दिवशी तिने १८०० कॅलरीच खाल्ल्या, तर उरलेल्या १०५० कॅलरींवर हाडांची डागडुजी, संप्रेरके, प्रतिकारशक्ती असे सारे काही भागवायचे. म्हणजे चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे जेमतेम २६. हे प्रमाण दीर्घकाळ तिशीच्या खाली राहिले की पाळी चुकू लागते आणि नडगीच्या हाडाला बारीक तडे जाण्याची शक्यता वाढते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जा-तुटीविषयी निवेदन काढले, तेव्हा त्यात पुरुषांचाही समावेश केला होता.

साधाहिशेब :
असहमत. आपल्या गटांतील बहुसंख्य मंडळी चाळिशी ओलांडलेली, दिवसभर खुर्चीत बसणारी आणि पोट सुटलेली आहेत. त्यांना उपासमारीची भीती घालणे योग्य नाही. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. त्यामुळे ८० किलोंच्या माणसाला ७२ किलोंच्या माणसापेक्षा पूर्ण मॅरेथॉनमध्ये सुमारे ३४० कॅलरी जास्त जाळाव्या लागतात. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात तर अंगावरचा प्रत्येक जादा किलो वर चढवावा लागतो. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल व्यक्तींच्या अभ्यासातही, वजन एक किलोने घटल्यावर चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी कमी झाल्याचे दिसले. केनियाचा अव्वल मॅरेथॉन धावपटू किपचोगे याचे वजन बावन्न किलोंच्या आसपास आहे, हे विसरून कसे चालेल?

नाचणी :
किपचोगे बारीक झाला म्हणून जिंकला, की तशा अंगकाठीची माणसेच त्या पातळीपर्यंत पोहोचतात? अमेरिकेची धावपटू मेरी केन हिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले की, वजन कमी करण्यासाठी प्रशिक्षकाने सतत आणलेल्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षे बंद होती आणि तिची पाच हाडे मोडली. सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठलेली मुलगी होती ती! आमच्या गटातही रविवारच्या लाँग रननंतर सगळे पोह्यांवर ताव मारत असताना दोघी-तिघी पपईच्या चार फोडी खाऊन उठतात, आणि त्यांच्या ‘शिस्ती’चे कौतुक होते. हे कौतुक मला अस्वस्थ करते.

साधाहिशेब :
त्या मुलींना थांबवायलाच हवे, यात वाद नाही. परंतु त्यांच्यासाठीचा नियम ऐंशी किलोंच्या गृहस्थाला लावू नका. त्याने वजन अवश्य उतरवावे, मात्र पावसाळ्यात, मॅरेथॉनचा सराव सुरू होण्यापूर्वी. साप्ताहिक अंतर वाढत असताना आहार तोडू नये. आशियाई लोकांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २३ झाल्यापासूनच धोका वाढू लागतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचे मत आहे.

घाटवाट :
पावसाळ्याचा मुद्दा मला मान्य आहे, बीएमआयचा नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच आकडेवारी छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३, पण याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी आणि मॅरेथॉन धावणाऱ्या युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के. काट्याच्या लेखी दोघे सारखेच! म्हणून वजन उतरवायला सांगण्यापूर्वी कंबरेचा घेर, झोप, जुनी दुखापत आणि स्त्रियांच्या बाबतीत पाळी यांची चौकशी झालीच पाहिजे, आणि ही चौकशी चारचौघांत न करता डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी करावी.

साधाहिशेब :
चौकशी जरूर करा. तरीही कंबर चाळीस इंच असलेल्या माणसाला ती संपेपर्यंत ‘वजनाचे पाहू नका’ असे सांगणार असाल, तर माझा विरोध कायम आहे.