ओतकामाचा व्हिडिओ लिंक्डइनवर टाकला की गढूळ दिसतो, काय चुकतंय?

फौंड्रीची_लेक

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे, ग्रे आयर्नची, म्हणजे ओतीव लोखंडाची. पंपाच्या बॉडी, मोटरची कव्हरं, थोडे ब्रॅकेट. आप्पांनी उद्यमनगरात क्युपोलावर, म्हणजे कोकच्या उभ्या भट्टीवर सुरुवात केली, आता विजेची इंडक्शन भट्टी आहे. इतकी वर्षं काम ओळखीवर येत गेलं. गेल्या वर्षी एक जुनं गिऱ्हाईक सुटलं, तेव्हापासून लिंक्डइनवरचं आमचं पान मी चालवते. फोटो टाकत होते, आता व्हिडिओ टाकायचा आहे आणि तो मला नीटच टाकायचा आहे.

व्हिडिओत काय आहे ते सांगते. सँड मिक्सरमधून माती निघाली की आप्पा मूठभर घेतात, दाबतात आणि मूठ उघडतात. बोटांच्या चारही खुणा मातीवर स्पष्ट उमटलेल्या असतात आणि तळव्याला काही चिकटत नाही. मग तो गोळा दोन्ही हातांनी मधोमध मोडतात. भुगा न होता कडा सरळ तुटली तर म्हणतात, “चालू द्या.” लॅबमधला ओलाव्याचा आकडा त्यानंतर येतो. पुढे ओतायच्या आधी वेजचा, म्हणजे पाचरीच्या आकाराचा तुकडा ओततात, गार करून हातोडीनं फोडतात आणि टोकाला पांढरा भाग किती आलाय ते उजेडात धरून बघतात. हे मी लहानपणापासून बघत आले. आमच्या मालाचा दर्जा कुठून येतो ते यातून कळेल असं मला मनापासून वाटतं.

चुलत भावानं त्याच्या अँड्रॉइडवर आडवं शूट केलं, ६ मिनिटं ४० सेकंद. व्हॉट्सॲपवर पाठवलं, मी मोबाइलवरच उभं कापून टाकलं. झालं असं: ठिणग्या उडतात तिथं नुसते चौकोन दिसतात. भट्टीचं तोंड पांढरं फट्ट. मूठ उघडते तेव्हा अर्धा हात फ्रेमच्या बाहेर. शेवटी हातोडी पडते आणि आवाज जरा मागून येतो. मागच्या ट्यूबलाइटच्या उजेडात काळे पट्टे सरकतात. मराठी सबटायटलची फाइल जोडली तर सगळी प्रश्नचिन्हं. दोन तासांत पोस्ट काढून टाकली.

फाइल नक्की कशी तयार करायची? आणि मूळ शूटमधून काही वाचेल का, की परत करायला लागेल?

सांगलीचा_एडिटर

ताई, पहिली गोष्ट, भावाच्या फोनमध्ये मूळ फाइल अजून आहे का बघा आणि आजच पेन ड्राइव्हवर काढून घ्या. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो. तुमची मूळ फाइल आठशे एमबीच्या पुढे असणार, तुमच्याकडे पोहोचली ती किती आहे ते तपासा. पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे आहे तशी जाते.

चौकोन का दिसतात ते समजून घ्या, कारण तुमच्या कामात हा त्रास इतरांपेक्षा जास्त होणार. व्हिडिओची फाइल लहान होते ती मागच्या फ्रेममधलं न बदललेलं पुन्हा न साठवल्यामुळे. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर मागची भिंत एकदाच साठवली की झालं. ठिणग्या, धूर, वाफ यांत प्रत्येक फ्रेमला सगळंच नवं. तिथं बिटरेट (सेकंदाला किती डेटा) पुरत नाही आणि चित्र फुटतं. तुमचा व्हिडिओ एकदा व्हॉट्सॲपवर दाबला गेला, मग ॲपमधून कापताना, मग अपलोडनंतर पुन्हा. तीनदा पिळलेल्या उसातून काय निघणार?

म्हणून लिंक्डइनला द्यायची फाइल भक्कम ठेवा. एमपी४, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी. बिटरेट १५ एमबीपीएसच्या आसपास. तिथली मर्यादा ३० आहे. दीड मिनिटाचा व्हिडिओ साधारण १७० एमबी होईल. ५ जीबीपर्यंत फाइल चालते, तेव्हा आकाराला घाबरू नका. लांबी मोबाइलवरून १० मिनिटं, कॉम्प्युटरवरून १५ मिनिटं चालते. पण ६ मिनिटं ४० सेकंद ठेवू नका. मूठ, वेज आणि ओतणं, एवढ्यावर दीड मिनिट पुष्कळ झालं.

आवाज मागे पडतो कारण फोन फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही, उजेडाप्रमाणे कमीजास्त करतो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून मूळ फाइल आधी काढून घ्या आणि मग एडिटिंगला बसा. काळे पट्टे मात्र आता निघणार नाहीत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सेकंदाला ३० फ्रेम असताना शटर १/६० सेकंदावर गेलं की पट्टे सरकायला लागतात. पुढच्या वेळी २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१००. आयफोनला सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवायचा पर्याय चालू केला की २५ मिळतात. आयफोनच वापरणार असाल तर एचडीआर व्हिडिओही बंद करा, दुसऱ्या स्क्रीनवर रंग भलतेच दिसतात.

पांढरी फट्ट भट्टीही वाचणार नाही. जिथं उजेडानं पांढरं झालंय तिथं फाइलमध्ये काही उरलेलंच नसतं. शूट करताना स्क्रीनवर धातूवर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग ते खाली ओढा. बाकीचा शेड काळोखा दिसला तरी चालेल. धातूचा नारिंगी रंग दिसलाच पाहिजे, बघणारा त्यासाठीच थांबतो.

चौकट ४:५ ठेवा, १०८० × १३५०. फोनवर भरपूर जागा मिळते आणि ऑफिसात कॉम्प्युटरवर बघणाऱ्यालाही नीट दिसतं. आडव्या शूटमधून मूठ कापून घेऊ नका, ती परत शूट करा. फोन उभा धरून, छातीच्या उंचीवर, फक्त हात. मी लग्नाचं शूटिंग अठरा वर्षं करतोय. मंगलाष्टकं परत होत नाहीत, पण तुमच्याकडं माती रोज निघते!

स्टुटगार्टवरून

मी इथे एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे, मूळचा इचलकरंजीचा. भारतातून येणारे असे व्हिडिओ कामाचा भाग म्हणून बघतो. बहुतेकांची सुरुवात फिरत्या लोगोनं, मग गेट, मग ड्रोननं दाखवलेलं छप्पर. तोवर मी पुढे गेलेलो असतो. ताई, पहिल्या फ्रेमलाच आप्पांची मूठ ठेवा. लोगो शेवटी दोन सेकंद.

माझ्यासारखा माणूस आधी काय बघतो तेही सांगतो. ओतणाऱ्याच्या तोंडावर फेस शील्ड आहे का, पायात गेटर (पाय झाकणारी आवरणं) आहेत का, लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) नेताना वाट मोकळी आहे का. हे दिसलं नाही तर मातीपर्यंत मी पोहोचतच नाही. दुसरं, मागे रॅकवर गिऱ्हाइकाचे पॅटर्न (ज्यावरून साचा करतात ते नमुने) असतील. त्यावरचा पार्ट नंबर, कास्टिंगवर उमटलेला लोगो, भिंतीवर लावलेलं ड्रॉइंग, यातलं काहीही फ्रेममध्ये येऊ देऊ नका. फोर-के मध्ये थांबवून झूम केलं की सगळं वाचता येतं. जो एका गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग जगाला दाखवतो तो माझंही दाखवेल, असं मी धरून चालतो. एडिट करण्याआधी सगळा व्हिडिओ एकदा आवाज बंद करून, फक्त मागचं बघत बघा.

फौंड्रीची_लेक

दोघांचे खूप आभार. मूळ फाइल सापडली, ८६० एमबी. माझ्याकडे आलेली होती ४८. आणि दादा, तुमचं वाचून रॅक बघितलं, एका गिऱ्हाइकाचा पार्ट नंबर चक्क दिसतोय. बरं झालं पोस्ट काढली होती.

आता सबटायटलचं. आप्पा मराठीतच बोलतात. काहीजण म्हणाले वरून इंग्रजी आवाज टाक. मला ते पटत नाही. “माती ऐकतीया का बघायचं” असं ते म्हणतात, ते त्यांच्याच आवाजात राहिलं पाहिजे.

अक्षरओळ

मी सबटायटलचंच काम करते, ठाण्याला. आप्पांचा आवाज अजिबात काढू नका. फीडमध्ये व्हिडिओ आपोआप सुरू होतो तो मुक्यानं, त्यामुळे पहिल्यांदा अर्थ वाचूनच पोहोचतो. ज्याला रस वाटेल तो आवाज चालू करेल आणि तेव्हा त्याला खरा माणूस ऐकू येईल.

प्रश्नचिन्हं आली कारण नोटपॅडमध्ये फाइल ‘एएनएसआय’ मध्ये सेव्ह झाली, त्यात मराठी अक्षरं बसत नाहीत. ‘सेव्ह ॲज’ करताना खाली एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. एसआरटीतल्या, म्हणजे सबटायटलच्या फाइलमधल्या वेळेचे आकडे इंग्रजीतच हवेत, आणि सेकंदानंतर टिंब देऊ नका, स्वल्पविराम द्या, मग तीन आकडे. मराठी कीबोर्ड चालू राहून वेळ देवनागरी आकड्यांत टाइप झालेल्या फाइली माझ्याकडे दर महिन्याला येतात.

माझा सल्ला, इंग्रजी ओळी एसआरटीत द्या, म्हणजे ज्याला नको तो बंद करू शकतो. मराठी शब्द हवे असतील तर तेवढे एक-दोनच चित्रावर छापा. मात्र काही एडिटिंग ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. ‘मिश्रण’, ‘ओतल्यावर’, ‘कार्बन’ असे शब्द टाइप करून आधी एक्स्पोर्ट करून बघा. मुक्ता फॉन्ट लहान स्क्रीनवर छान वाचता येतो. एका वेळी दोन ओळींच्या वर नको, आणि गोळा मोडतो त्या क्षणी हातावर अक्षरं येऊ देऊ नका.

“ऐकतीया” चं भाषांतर शब्दशः करा. ‘मातीतला ओलावा योग्य आहे’ असं इंग्रजीत लिहिलंत तर ते कुठल्याही पुस्तकातलं वाक्य होईल.

फौंड्रीची_लेक

काल सकाळी परत शूट केलं. २५ फ्रेम, फोन उभा, मागे ताडपत्री लावून रॅक झाकलं. मोठ्या मशिनचा आवाज येतो म्हणून दुसरा फोन आप्पांच्या खिशात ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड केला आणि सुरुवातीला एक टाळी वाजवली, म्हणजे नंतर दोन्ही जुळवता आलं. ओतणाऱ्या पोरांना फेस शील्ड घालायला लावली. एकाची काच पिवळी पडलेली होती, ती बदलली. ही आता रोजचीच सवय करायची असं आप्पांनी सांगून टाकलंय.

रात्री आप्पांना दाखवलं. मुठीच्या शॉटला त्यांनी काही म्हटलं नाही. वेज फुटली तिथं मात्र थांबवायला लावलं. मी पांढरी कडा दाखवून लगेच पुढचा शॉट लावला होता. म्हणाले, “एवढ्या वेळात कुणाला दिसतंय? हातात घेऊन बघायला वेळ लागतो की.” तिथं तीन सेकंद वाढवले आणि त्यात एकही ओळ ठेवली नाही. एकूण झालं १ मिनिट ३४ सेकंद, १७८ एमबी.

थंबनेलला मातीवर उमटलेली बोटं ठेवली आहेत. आत्ता ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून अपलोड लावलंय, एसआरटी जोडली आहे, इंग्रजी. दुपारच्या हीटपर्यंत, म्हणजे भट्टीतलं लोखंड पुन्हा वितळेपर्यंत चढेल.