मदत हवी आहे: दोन शहरांमधलं अंतर बरोबर येतं, विमानाची वेळ मात्र चुकते

स्प्रेडशीटमध्ये अक्षांश-रेखांश टाकून अंतर काढायचं आणि त्यावरून प्रवासाचा वेळ, असा तक्ता बनवतोय. अंतरासाठी हॅवरसाइन सूत्र (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर देणारं) वापरलंय, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी. अंश रेडियनमध्ये बदललेत, पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह दिलंय. (एक्सेलमध्ये एटॅन२ या कोन काढणाऱ्या फंक्शनला आधी क्ष आणि मग य द्यावा लागतो, बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांच्या बरोबर उलट. तिथे घोळ नाही, तपासलंय.) निर्देशांक शहराच्या मध्याचे नाहीत, विमानतळांचे आहेत.

लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके अंतर सुमारे ५५४० किमी येतं, ते बरोबरच आहे. वेळेसाठी ताशी ८५० किमी धरले आणि धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी ३० मिनिटं वाढवली. उत्तर ७ तास. वेळापत्रकात न्यूयॉर्कहून लंडनला साधारण ७ तासच असतात, पण उलट दिशेला ८ च्या आसपास. कारण उघड आहे: पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा. हिवाळ्यात तो आणखी जोरात असतो.

प्रश्न असा की वारा सूत्रात कसा बसवायचा? सरसकट ताशी ५० किमी वजा-अधिक केले तर उत्तर-दक्षिण मार्गांची उत्तरं बिघडतात. मार्गाच्या दिशाकोनाच्या (उत्तरेपासून मोजलेल्या) साइनने गुणावं का? पण ग्रेट सर्कलवर (गोलावरच्या सर्वांत जवळच्या मार्गावर) दिशाकोन वाटेत बदलत जातो, मग सुरुवातीचा घ्यायचा की मधल्या बिंदूचा? शिवाय विषुववृत्ताजवळ हा वारा धरायचाच नाही, तर अक्षांशाची मर्यादा कुठे ठेवावी?

टाइम झोनची वजाबाकी वेगळ्या रकान्यात आहे, त्यामुळे ती कृपया यात मिसळू नका.