'ग्रीन स्नेक' डोक्यावरून का जातो
"दिसायला झकास, पण गोष्ट डोक्यावरून गेली" हे २०२१च्या 'ग्रीन स्नेक' या चिनी अॅनिमेशनपटाबद्दल कुणीतरी म्हटलेलं अगदी पटलं. गोची अशी, की चिनी प्रेक्षकाला मूळ लोककथा तोंडपाठ असते: फाहाय नावाचा भिक्षू पांढऱ्या नागिणीला हांगझोच्या लेईफंग मनोऱ्याखाली कोंडतो. सिनेमा हे सुरुवातीलाच उरकतो आणि तिची धाकटी बहीण, हिरवी नागीण, थेट असुरनगरी नावाच्या वेगळ्याच दुनियेत येऊन आदळते. पडक्या इमारती, मोटारसायकली, त्यात बैलतोंड्या-घोडतोंड्यांची झुंड! हे चिनी पुराणातले यमदूत, हे माहीत नसेल तर नुसती हाणामारी वाटते. (ती मात्र बघतच राहावी अशी.) तरी नगरीचे नियम ऐनवेळी सांगत बसतात, त्याला लोककथेची सबब चालणार नाही. आधी २०१९चा 'व्हाइट स्नेक' बघा. तो या लोककथेच्या पाचशे वर्षं आधी घडतो आणि बराच सरळ आहे.