ब्लेटंट : धडधडीत की ढळढळीत?

'ब्लेटंट' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ बहुतेकदा 'अगदी उघड' असा सांगितला जातो. पण 'ऑब्व्हियस'च्या जागी ते बसवून पाहा, वाक्य बिघडतं. वाचताना, शिकवताना, कामात हा शब्द कसा भेटला ते लिहा. सुरुवात मी करते.

मी अनुवादाचं काम करते. 'ब्लेटंट लाय' आलं की 'स्पष्ट खोटं' मला चालत नाही; ते धडधडीत खोटंच. 'स्पष्ट'मध्ये राग नाही. ब्लेटंटमध्ये करणाऱ्याने लाज सोडलेली असते, लपवण्याचे कष्टही घेतलेले नसतात. म्हणून 'ब्लेटंट व्हायोलेशन'ला मी 'नियमांची राजरोस पायमल्ली' लिहिते. 'ढळढळीत' मात्र सत्यालाही लागतं, तिथे ब्लेटंट नको.

* * *

शब्दाचं मूळ फार सुंदर आहे. इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरच्या 'द फेअरी क्वीन' या महाकाव्याच्या १५९६ साली आलेल्या भागात 'ब्लेटंट बीस्ट' नावाचा असंख्य जिभांचा प्राणी आहे, निंदानालस्तीचं रूप. पुढे शब्दाला 'गोंगाट करणारा' हा अर्थ आला आणि बऱ्याच काळाने 'डोळ्यांवर येणारा'. कानाचा शब्द डोळ्यांचा झाला! आपल्या 'धडधडीत'मध्येही आवाज आहेच की.

* * *

मी इंग्रजी शिकवतो. एका मुलीने निबंधात आईचं प्रेम 'ब्लेटंट' आहे असं लिहिलं. मी खोडलं नाही. फक्त विचारलं, आईने यात काय वाईट केलंय? तिने क्षणभर वहीकडे पाहिलं आणि स्वतःच 'ऑब्व्हियस' केलं. मग फळ्यावर वर्गानेच यादी केली: खोटं, पक्षपात, अन्याय, दुर्लक्ष. सगळी दोषांचीच नावं. व्याख्या पाठ करून हे इतकं पक्कं बसलं नसतं.

* * *

फुटबॉलमध्ये 'ब्लेटंट हँडबॉल' म्हणतात. उघडउघड हात लावलाय, अख्ख्या मैदानाने पाहिलंय.

* * *

कायद्याच्या कागदपत्रांत शेजारीच 'फ्लॅग्रंट' भेटतो. त्याचं लॅटिन मूळ जळण्याचं. माझ्या मते त्यात गुन्ह्याचं गांभीर्य जास्त, ब्लेटंटमध्ये उघडेपणा जास्त. 'पेटंट एरर' तर कुणावर ठपका न ठेवताही म्हणता येतं: पाहताक्षणी दिसणारी चूक. तिघांनाही 'स्पष्ट' लिहून मोकळं होणारे अनुवाद वाचले की वाईट वाटतं.

* * *

आणि 'ब्लेटंटली'ला 'बिनदिक्कत' कसं वाटतं? मी 'खुलेआम'ही वापरून पाहिलं, पण 'बिनदिक्कत'मध्ये माणसाचा चेहरा दिसतो.