'रंकाळ्यात किती टँकर पाणी?' विचारून सेटर कळतो का?

शिरोलीकर: शिरोली एमआयडीसीतल्या मशिन शॉपला दोन सीएनसी सेटर (संगणकावर चालणाऱ्या मशिनवर टूल लावून माप जुळवणारे) घ्यायचेत. मालकांचा आग्रह, की 'रंकाळ्यात किती टँकर पाणी मावेल', 'मॅनहोलचं झाकण गोल का' असलं काहीतरी विचारायचं. डोकं कळतं म्हणे. खरंच कळतं का?

गेजवाला: झाकणाचं उत्तर मोबाईलवर मिळतंय राव. चौकोनाचा कर्ण बाजूच्या १.४१ पट, म्हणून ते झाकण तिरकं धरलं की आत पडतं, गोल पडत नाही. पाठ करून आला तो हुशार का? गूगलचे तेव्हाचे एचआर प्रमुख लॅस्लो बॉक यांनी २०१३ मध्येच असली कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय, असं सांगून टाकलंय.

त्यापेक्षा टेबलावर २० एच७ (लहान h, म्हणजे शाफ्टच्या मापातली सूट) चा शाफ्ट ठेवा. हद्द १९.९७९ ते २०.००० मिमी. सोबत ०-२५ चा मायक्रोमीटर द्या, पण पान्याने स्लीव्ह फिरवून असा करा, की बंद केल्यावर ०.०२ जास्त दाखवेल. शाफ्ट १९.९९ चा असला तरी रीडिंग २०.०१ येणार. एकजण लगेच 'रिजेक्ट' म्हणतो, दुसरा आधी तोंडं पुसून, रॅचेटने बंद करून झिरो बघतो. दोन मिनिटांत निकाल. नंतर मायक्रोमीटर आठवणीने सेट करा, नाहीतर तोच लाईनवर जायचा.

ऑफसेट: सेटर म्हणताय तर हेही विचारा: इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) बदलल्यावर पहिल्या जॉबचा बाहेरचा व्यास ०.०५ मोठा आला, काय करणार? इन्सर्टखाली चिप अडकलीय का ते आधी बघायचं, जॉब गार झाल्यावर परत मोजायचा, मग वेअर ऑफसेटला (टूलच्या झिजेपुरती बारीक दुरुस्ती) एक्समध्ये, म्हणजे व्यासात, -०.०५. चिन्ह उलटं टाकलं की पुढचा जॉब ०.१० मोठा. थेट जिऑमेट्री ऑफसेटला (टूलचं मूळ माप) हात घालणाऱ्याला जरा खोदून विचारा.

कोटेशन_टेबल: अंदाजाचे प्रश्न सरसकट मोडीत काढू नका. कोटेशनला माणूस घ्यायचा तर '५० मिमी स्टीलचा गोल बार, एक मीटर, वजन किती?' हा चालतो. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे साधारण १५.४ किलो. सूत्र विसरला पण घनता ७.८५ धरून पोचला, तर मला तो जास्त आवडेल. रंकाळ्याचं काय, उत्तर बरोबर का चूक तेच विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. मग गुण जातात ते बोलबच्चनला.

आणि सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. मुलाखत घेणाऱ्या दोघांनी आपापल्या कागदावर पाचपैकी गुण लिहायचे, चर्चा नंतर. दिवसभर मशिनवर उभा करणार असाल तर हजेरी द्या, फुकट प्रॉडक्शन काढून घेऊ नका.

शिरोलीकर: झकास. मायक्रोमीटर आधी मालकांच्याच हातात देतो.