पाया पडणाऱ्याला काय म्हणावं?

कुणी वाकून नमस्कार केला की काय बोलावं सुचत नाही, मग काय म्हणावं, असं एकाने विचारलंय. 'औक्षवंत हो', 'सुखी राहा' हे कुणालाही चालतं. 'अखंड सौभाग्यवती भव' मात्र जपून. समोरची अविवाहित किंवा विधवा असली तर उगाच अवघडल्यासारखं होतं. मला विचाराल तर तो आशीर्वाद सोडूनच द्यावा. 'अरे असू दे, असू दे' म्हणत मागे सरकणंही बरं नाही, वाकलेला माणूस तसाच राहतो. वारकऱ्यांनी हा प्रश्नच ठेवलेला नाही. एकाने पाय धरले की दुसराही वाकून त्याचे पाय धरतो, मग वय काही का असेना. बाकी सोपं आहे: रामरामला रामराम, जय भीमला जय भीम, आणि दसऱ्याला सोनं दिलं की आपल्या हातातलं सोनं त्याला द्यायचं.