मदत हवी आहे: इनझोई माझ्या खेळण्याच्या पद्धतीला जमेल का?

जास्वंदी

इनझोई हा जीवन-सिम्युलेशन गेम (माणसांचं रोजचं आयुष्य चालवायचा खेळ) घ्यावा की नाही यावर अडकले आहे. "चांगला आहे का?" या प्रश्नाला शंभर उत्तरं मिळतात, म्हणून मी खेळते कशी ते आधी सांगते.

सिम्स ४ या त्याच जातीच्या गेममध्ये एकच घराणं चालवते. वय वाढणं चालू असतं, सध्या पाचवी पिढी आहे. लेगसी चॅलेंज या खेळाडूंनीच बनवलेल्या आव्हानाचे दहा पिढ्यांचे नियम बरेच ढिले करून घेतलेत. घर बांधत नाही. गॅलरीतून (इतर खेळाडूंनी बनवलेल्या घरांच्या संग्रहातून) तयार घर उतरवते, दोन भिंती सरकवते, झालं. सिम (गेममधलं पात्र) बनवायला दहा मिनिटं पुरतात. वेळ बहुतेक तिसऱ्या वेगावर पळतो, काही शिजतंय असं दिसलं की पहिल्यावर आणते. खरी मजा येते ती मी काहीच न करता सासू-सुना ताटावरून उठून जातात तेव्हा. पॅक (विकतची भर) दोनच आहेत: पेरेंटहूड आणि ग्रोइंग टुगेदर.

लॅपटॉप: अकराव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० (४ जीबी), एसएसडीवर ९० जीबी मोकळी जागा.

१. यावर चालेल का? रॅम १६ केली तर?
२. माझ्यासारख्या पिढ्यावाल्यांना त्यात काही आहे का?
३. पैसे न घालवता तपासायचं कसं?

रॅमदास

पहिल्याचं उत्तर नाही. रॅम १६ केली तरी नाही.

इनझोई अनरिअल इंजिन ५ वर आहे. विंडोजवरची किमान अपेक्षा आय५-१०४०० किंवा रायझन ५ ३६००, १२ जीबी रॅम, आरटीएक्स २०६० (६ जीबी) किंवा आरएक्स ५६०० एक्सटी आणि ४० जीबी जागा. शिफारस केलेलं यंत्र म्हणजे आय७-१२७००, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०७०. तुमचं घोडं रॅमवर अडलेलं नाही, ग्राफिक्स कार्डावर अडलंय, आणि लॅपटॉपमध्ये ते मदरबोर्डलाच जोडलेलं असतं. रॅमची दुसरी पट्टी बसवली तर सिम्सलाही थोडा फायदा होईल, पण इनझोईसाठी तो खर्च करू नका.

इथे बरेच जण एका आकड्याला फसतात. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा. तिथे "डेडिकेटेड", "शेअर्ड" आणि नुसती "जीपीयू मेमरी" असे तीन आकडे दिसतील. शेवटचा आकडा पहिल्या दोनांची बेरीज आहे. १६ जीबी रॅम असेल तर विंडोज त्यातली साधारण निम्मी शेअर्डमध्ये दाखवतं, म्हणून ४ जीबीच्या कार्डावरही बेरीज १२ च्या आसपास दिसते आणि माणूस म्हणतो, "माझ्याकडे तर दुप्पट आहे!" गेमच्या पानावर लिहिलेले ६ जीबी म्हणजे फक्त डेडिकेटेड, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी (व्हीरॅम). व्हीरॅम भरली की पोतांचा (वस्तूंवरच्या चित्रांचा) माल साध्या रॅममधून ये-जा करायला लागतो आणि कॅमेरा फिरवला की चित्र अर्धा सेकंद गोठतं. नुसता फ्रेम रेट कमी असेल तर खेळता येतं, हे असं अडखळणं मात्र असह्य होतं.

चौथा मजला

रॅमदासशी सहमत. दुसऱ्या प्रश्नावर मात्र आधी हे सांगतो की इनझोईचं कौतुक करणारे बहुतेक जण माझ्या जातीचे आहेत: बांधणारे आणि सजवणारे. आम्हाला हा गेम म्हणजे मेजवानी. फर्निचरचा रंग, पोत, भागाभागाचं साहित्य बदलता येतं. इंग्रजीत वर्णन लिहिलं की कापडावर तशी नक्षी उमटते. फोटोवरून त्रिमितीय वस्तू बनवायचीही सोय आहे. शहर सलग आहे, शेजारच्या दुकानात जायला लोडिंगचा पडदा येत नाही. गाडी स्वतः चालवता येते.

या नक्षीच्या सोयीची मर्यादाही सांगून ठेवतो. "जांभळ्या रेशमावर सोनेरी मोर" लिहिलंत तर मोर येतील, पण फरशीसारखे एकाच मापात, सगळीकडे. काठ वेगळा, पदर वेगळा, बुट्टे वेगळे असं होत नाही, कारण नक्षी कपड्याच्या एका भागावर सरसकट पसरते. पैठणी व्हायची ती चादर होते.

तुम्ही घरही बांधत नाही आणि सिमही दहा मिनिटांत उरकता. म्हणजे या गेमचा सगळ्यात मजबूत निम्मा भाग तुमच्या उपयोगाचा नाही.

तिसरी घंटा

दुसऱ्या प्रश्नाकडे मी जरा वेगळ्या बाजूने येते. सासू-सुना ताटावरून उठतात हे सिम्स ४ मध्ये आपोआप घडत असलं, तरी त्यामागे यंत्रणा आहे. एक म्हणजे सेंटिमेंट्स, जे २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मूळ गेममध्ये फुकट आले. भांडणानंतर मैत्रीची पट्टी पुन्हा हिरवी झाली तरी "दुखावलेली" हा शिक्का काही दिवस मागे राहतो आणि ती दोघं समोर आली की मूड बिघडवतो. दुसरं, ग्रोइंग टुगेदरमधलं कौटुंबिक नातं: कडक, थट्टेखोर, दुरावलेलं वगैरे. तिसरं, पेरेंटहूडमध्ये मुलांना वाढवताना जे वळण लागतं ते मोठेपणी स्वभावगुण बनून राहतं. तुम्हाला आवडतो तो खेळ या तिन्हींच्या घर्षणातून होतो.

आता इनझोईला हेच प्रश्न विचारा. नात्यांना तिथे चार धागे आहेत: मैत्री, कुटुंब, प्रेम आणि व्यवसाय. एकाच माणसाशी चारही वेगवेगळ्या पातळीवर असू शकतात. कागदावर हे सिम्सपेक्षा बारीक आहे. स्वभावाचे १८ साचे आहेत, त्यातला एक निवडायचा. शिवाय कर्म आहे: वाईट वागणुकीचा हिशेब राहतो आणि खातं फारच वाईट असताना झोई (इनझोईतलं पात्र) मेला तर भूत होतो. संवादाचे पर्याय इतके की यादी खाली सरकवताना हात दुखेल.

पण अर्ली ॲक्सेसमधल्या (पूर्ण होण्याआधीच विक्रीला आलेल्या) इनझोईबद्दल माझं मत असं की पर्याय भरपूर आहेत आणि पडसाद कमी. तुम्ही टोमणा निवडता, पट्टी घसरते, समोरचा तोंड वाकडं करतो आणि थोड्या वेळाने तोच तुमच्या शेजारी बसून नूडल्स खातो. ज्याला दृश्य रचून गोष्ट सांगायची आहे, कॅमेरा लावायचा आहे, त्याला हे चालतं, कारण पडसाद तो स्वतः मनाने भरतो. तुमच्यासारखी प्रेक्षक होऊन बसणारी व्यक्ती इथे कंटाळते.

चौथा मजला

स्मार्ट झोई विसरलात. त्यात झोईच्या मनात काय चाललंय ते मोकळ्या शब्दांत लिहिता येतं आणि तो त्यानुसार वागतो. प्रेक्षकांसाठीच आहे ते.

तिसरी घंटा

मुद्दाम टाळलं होतं. ते अजून प्रायोगिक आहे. "मनाने हळवी, पण पाहुण्यांसमोर ताठ" असं लिहिलं की दिवसाचं वेळापत्रक आणि विचारांचे बुडबुडे बदलतात, हे खरं. पण तो बदल त्या एका झोईच्या दिवसापुरता. तिसऱ्या पिढीत आजीचा ताठपणा नातीत उतरत नाही. पिढ्यांच्या खेळात नेमकं तेच लागतं.

रॅमदास

आणि त्यासाठी एनव्हिडियाचं किमान ८ जीबी व्हीरॅमचं आरटीएक्स कार्ड हवं. लहान भाषा-मॉडेल तुमच्याच यंत्रावर चालतं, म्हणून गेमच्या गरजेवर ही वेगळी भर. एएमडीवाल्यांनी या सोयीच्या भरवशावर विकत घेऊ नये.

जास्वंदी

सगळ्यांचे आभार. मोठा भाऊ पुढच्या महिन्यात वर्षभरासाठी बाहेर जातोय, त्याचा डेस्कटॉप मला मिळेल: आय५-१२४००एफ, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी). म्हणजे पहिला प्रश्न सुटला. दुसऱ्याचं उत्तर "बहुधा नाही" असं दिसतंय, पण एकदा स्वतः बघायचंय. स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) दोन तासांत परत करता येतो म्हणतात, तेवढ्यात कळेल का?

रॅमदास

३०६० वर १०८० पिक्सेलला व्यवस्थित चालेल. रे ट्रेसिंग (प्रकाशाचा जड हिशेब) बंद, डीएलएसएस (कमी कामात चित्र मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) "क्वालिटी"वर, बाकी मध्यम. शहरातल्या गर्दीची घनता आधी कमी ठेवा, प्रोसेसरला तीच जड जाते.

परताव्याचा नियम: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ २ तासांपेक्षा कमी, दोन्ही अटी एकदम पाळल्या पाहिजेत. डाउनलोड आणि इन्स्टॉलचा वेळ धरत नाहीत. पण गेमची खिडकी उघडी असलेलं प्रत्येक मिनिट धरतात: पहिल्या वेळी शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात तेही, मेनूत बसलात तेही, चहा टाकायला उठलात तेही. अर्ली ॲक्सेस म्हणून वेगळी सूट नाही.

जीवन-सिम्युलेशनमध्ये लोक हमखास बुडतात ते पात्र बनवण्याच्या पडद्यावर. दीड तास नाक-डोळे कोरण्यात जातो, उरलेला पडद्यांचा रंग ठरवण्यात, आणि खेळ सुरू होईपर्यंत मुदत संपते. तुम्ही त्या बाबतीत सुरक्षित दिसता.

तिसरी घंटा

दोन तास पुरतात, पण ठरवून वापरले तर. मोबाइलवर १०० मिनिटांचा गजर लावा आणि कागद-पेन घेऊन बसा.

पहिली पंधरा-वीस मिनिटं शेडर आणि सेटिंगमध्ये जाणार हे गृहीत धरा. मग दोन झोई, तयार साच्यातले, चेहऱ्याला हात न लावता. फक्त स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट निवडा. नातं आई-मुलगी ठेवा, तुम्हाला तेच तपासायचंय. दोवन किंवा ब्लिस बे या गेममधल्या शहरांतल्या कुठल्याही तयार घरात टाका. दोवनची धाटणी सोलची, ब्लिस बे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. या चाचणीसाठी फरक पडत नाही.

आता हात मागे. वीस मिनिटं एकही आज्ञा देऊ नका. कागदावर दोन रकाने करा आणि दोघी आपणहून काय करतात ते लिहा. वीस मिनिटांनी नावं झाकून कुणाला तरी रकाने दाखवा. कुठला रकाना कुठल्या स्वभावाचा हे त्याला सांगता आलं तर स्वभावाचा वागण्याशी संबंध आहे. दोन्हीकडे "फोन बघितला, खाल्लं, नाचली, फोन बघितला" असंच असेल तर तो साचा नुसतं लेबल आहे.

नंतर त्यांचं भांडण लावा, सलग चार-पाच वाईट संवाद. कौटुंबिक पट्टी किती घसरली ते टिपा. मग झोपवा आणि वेग वाढवून दुसरा दिवस उजाडू द्या. सकाळी पुन्हा हात मागे. रात्रीच्या भांडणाची खूण दिसते का? एकमेकींना टाळतात, तोंड वाकडं करतात, विचारात ते येतं? तुमचा निर्णय या एका सकाळीवर ठरवा, बाकी सगळं गौण.

वेळ उरलाच तर एकीच्या मागोमाग कामावर जा, येताना भर चौकात उभं राहून फ्रेम रेट बघा. स्टीमच्या सेटिंगमध्ये "इन गेम"खाली आकडा दाखवायची सोय आहे.

चौथा मजला

उत्तम चाचणी. एक भर: हीच आधी सिम्स ४ मध्ये करा, तिथे पैसे पडत नाहीत. नवीन सेव्ह, दोन सिम, उलट स्वभाव, वीस मिनिटं हात मागे. पहिल्या वेगावर सिमचं मिनिट म्हणजे आपला सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस २४ मिनिटांत होतो. तुलनेला काही नसेल तर इनझोईचे दोन रकाने वाचून कळणार काय? सिम्सच्याही रकान्यांत वाटतो तेवढा फरक निघत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आपण त्यांच्यात बरंच स्वतःचं घालतो.

सांजवेळ

धागा वाचून एक उपप्रश्न. सिम्स ४ चा मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, इनझोईला ३९.९९ डॉलर. मग सिम्सच स्वस्त ना?

चौथा मजला

मूळ गेम फुकट, पण ऋतू हवे तर सीझन्स विकत, कुत्रा-मांजर हवं तर वेगळा पॅक. अगदी मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेले कपडेही २०२१ च्या एका विकतच्या किटमध्ये. चार-पाच मोठे पॅक झाले की इनझोईची किंमत मागे पडते. इनझोई काढणाऱ्या क्राफ्टनने पूर्ण आवृत्ती येईपर्यंतची भर फुकट ठेवायचं जाहीर केलंय. आग्नेय आशियाच्या धर्तीचं एक बेट २०२५ च्या ऑगस्टमध्ये तसंच फुकट आलं.

रॅमदास

पण "पुढे येणार आहे" याचे पैसे आज मोजू नका. लाइफ बाय यू हा असाच दुसरा गेम आठवा: जून २०२४ मध्ये अर्ली ॲक्सेसला येणार होता, त्याच महिन्यात रद्द झाला. पॅरालाइव्हज या तिसऱ्या गेमची ८ डिसेंबर २०२५ ही तारीखही पुढे गेली. इनझोई निदान २८ मार्च २०२५ पासून हातात आहे. आज जे उघडतं तेवढ्यावरच तोला.

जास्वंदी

सिम्समधली चाचणी आत्ताच केली. चौथा मजला, तुमचं म्हणणं निम्मं खरं निघालं. रकाने ताईला दाखवले, तिला ओळखता आले नाहीत. पण भांडणानंतरच्या सकाळी मुलगी आई असलेल्या खोलीत शिरली की तिचा मूड पडत होता, ते न सांगता दिसलं.

इनझोई घेऊन तीच सकाळ बघणार. तशी सकाळ दिसली नाही तर परत. एकच विचारायचं राहिलं: लॅपटॉपवर आधी घेऊन डेस्कटॉप आला की टाकला तर?

रॅमदास

घेऊ नका. १४ दिवस खरेदीच्या तारखेपासून मोजतात, पहिल्यांदा उघडल्यापासून नाही. डेस्कटॉप टेबलावर आला, ड्रायव्हर अद्ययावत झाला, ६० जीबी मोकळे केले, की त्या दिवशी घ्या.